अकरावा चॅनेल गरम झाल्यावर

जाहिरातीत मी सगळं खरं लिहिलं.
मिक्सिंग कन्सोल, ॲनालॉग, चोवीस चॅनेल,
बांधणी एक्क्याऐंशीची, वजन दोनशे दहा किलो,
विडीकाडी ओढणाऱ्यांत वाढलेला.
चौथ्याचा फेडर मध्यावर अडखळतो.
सतरावा डाव्या कानाने बहिरा.
अकरावा गरम झाल्यावर खरखरतो,
तळव्याने एक हलकी चापट द्यावी,
गप्प बसतो.
न्यायची सोय ज्याची त्याने करावी.

ईर्या म्हणाली, असं लिहिल्यावर कोण घेईल?
सोयरीक जमवताना
दाढा किडल्यात हे कुणी आधी सांगतं का?

तीन आठवडे फोन नाही.
मग हेलसिंकीहून एकाने विचारलं,
नुसत्या खुंट्या विकाल का, सुट्या?
दुसऱ्याला वर काच टाकून
त्याचं दारूचं टेबल करायचं होतं.
रेंज जातेय, म्हणालो मी.
ईसाल्मीत रेंज कुठेच जात नाही.

ताइमी आली उणे बावीसमध्ये,
काकाची मासळीची व्हॅन घेऊन,
सोबत भाऊ आणि दोन जाड दोरखंड.
अंगाला धुरावलेल्या माशांचा वास.
वय असेल सव्वीस.
म्हणाली, आधी चालू करून ठेवा,
तासभर तापू दे, मग ऐकते.

तेव्हाच मला कळलं, ही नेणार.

तासभर आम्ही कॉफी प्यायलो
आणि कुणी काही बोललं नाही.
आमच्या भागात याला घासाघीस म्हणतात.

मग तिने हेडफोन लावले
आणि काहीही न जोडता
चोवीसही फेडर वर नेले.
रिकाम्या कन्सोलची गुणगुण ऐकत राहिली,
गाभण गाईच्या पोटाला कान लावावा तशी.
या पट्ट्यावरून गेलेत
लग्नांचे टँगो, चर्चमधल्या बायकांचा कोरस,
खाटकाची जाहिरात, जी त्याला बावीसदा म्हणावी लागली,
कारण 'ताजं' म्हणताना त्याला हसू यायचं.
चॅनेलांखालच्या कागदी टेपवर
अजून माझं पेन्सिलचं अक्षर आहे:
बास, बास, ड्रम, हिल्का, कालेर्वो.

अकरावा खरखरला.
ताइमीने चापट दिली नाही.
हा एकटाच का, म्हणाली.

चाळीस वर्षं माझ्या तोंडात उत्तर तयार आहे.
कालेर्वोने ताक सांडलं.
अकॉर्डियन काढता काढता कोपर लागलं त्याचं.
बिअर असती तर पुसली गेली असती,
ताक आत शिरलं आणि तिथंच बसलं.
हा किस्सा मी वाढदिवसांना सांगितला,
त्याच्या साठीला सांगितला,
तोही हसायचा, मान खाली घालून,
दर वेळी नव्याने माफी मागायचा.

कालेर्वो ऑक्टोबरात गेला.

मी सांडलं, मी म्हणालो.
तो बाहेर मोटार ढकलत होता.
आत आला तेव्हा पेला त्याच्या जागेवर होता,
आणि मी नुसता त्या पेल्याकडे बघितलं.

ईर्याने कप खाली ठेवला.
ताइमीने हेडफोन काढले.
ताक म्हणजे आम्ल, म्हणाली,
बोर्ड आतून खाल्लेला असणार.
शंभर युरो कमी करा.

केले.
मला स्वस्तात पडलं.

पुढचे तीन तास दाराशी गेले.
भिंत बांधली तेव्हा कन्सोल आधीच आत होता,
हे मी जाहिरातीत विसरलो होतो.
चौकट उखडली, बिजागऱ्या काढल्या,
तिच्या भावाने बोट चेंगरून घेतलं
आणि एकच शब्द उच्चारला,
त्या दिवसातला त्याचा पहिला.

रात्री मेसेज आला.
पोचलो. तापवलाय.
चापट नेमकी कुठे?

मी लिहिलं, उजवीकडे. पुसलं.
लिहिलं, नावाच्या जरा वर. पुसलं.
मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तळवा मारून पाहिला.
ईर्या बघत होती.
अजून खाली, ती म्हणाली.
तू कायम अजून खाली मारायचास.